डाळ मिल आधी की गिऱ्हाईक आधी?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (नाव-गाव वगळून): वय ३४. परभणीहून अन्न तंत्रज्ञानात बी.टेक. केलं, पुण्यात एका खाद्यपदार्थ कंपनीच्या गुणवत्ता विभागात नोकरी. नवराही नोकरीत, मुलगी तिसरीत. माहेर लातूर भागात, वडिलांची नऊ एकर. सोयाबीन आणि तूर. गावातल्या ३२० जणांनी गेल्या वर्षी शेतकरी उत्पादक कंपनी नोंदवली, प्रत्येकी हजार रुपये भरले. धाकटा भाऊ अध्यक्ष आहे. आता अनुदान घेऊन डाळ मिल उभारायची आणि बहिणीने नोकरी सोडून सीईओ म्हणून यायचं, असं संचालकांनी ठरवलंय. भाऊ म्हणतो, "अक्का, प्रक्रिया केल्याशिवाय शेतकऱ्याच्या हातात पैसा नाही. तू शिकलीस कशासाठी मग?" वडील म्हणतात, "व्यापार आपलं काम नाही." नवरा म्हणतो, तू ठरव. त्या विचारतात: "कृषी उद्योगातूनच गावांचा विकास होतो, हे कॉलेजपासून ऐकत आले. मग पाऊल का अडतंय? मी स्वार्थी झालेय का?"

नमस्कार ताई,

तुमचं पत्र चार पानांचं आहे. मशीनची क्षमता, शेडचं माप, पॉलिशरचा प्रकार, अनुदानाची टक्केवारी, सगळं तपशिलात लिहिलंय. तूर कोणत्या पैशाने घेणार आणि डाळ कुणाला विकणार यावर मात्र दीड ओळ आहे: "तूर गावातच आहे आणि डाळ तर सगळेच खातात." पाऊल या दीड ओळीपाशी अडतंय, असं मला वाटतं. स्वार्थाचं मागाहून बघू.

आधी हिशेब. तुम्ही लिहिलेली मिल ताशी पाच क्विंटलची आहे. दिवसाला आठ तास, महिन्याला पंचवीस दिवस चालवली तर महिन्याला हजार क्विंटल तूर लागते. भाव साडेसात हजार धरा. एका महिन्याच्या तुरीचेच ७५ लाख झाले. सभासद असला तरी शेतकरी काटा झाला की पैसे मागणार, आणि मागू नयेत तरी का? डाळ घेणारा ठोक व्यापारी किंवा मॉल मात्र तीस-चाळीस दिवसांनी पैसे सोडणार. त्यात तूर येते जानेवारी ते मार्च. मिल पावसाळ्यातही चालायची असेल तर माल तेव्हाच भरून ठेवावा लागतो. तुमचं भागभांडवल आहे ३ लाख २० हजार. त्यात साधारण ४२ क्विंटल तूर येते, म्हणजे एक दिवसाची भरड. दुसऱ्या दिवशी काय करायचं?

अनुदान या भोकात भरता येत नाही. राज्याच्या स्मार्ट प्रकल्पात पात्र खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत मदत मिळते, केंद्राच्या कृषी पायाभूत सुविधा निधीतून २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत सात वर्षांपर्यंत मिळते. दोन्ही योजना चांगल्या आहेत, पण दोन्ही इमारत आणि यंत्रासाठी. खेळतं भांडवल, म्हणजे माल घ्यायला रोज लागणारा पैसा, तुमचं तुम्हीच उभं करायचं. गावोगाव फिरलात तर कोनशिलेवर पुढाऱ्याचं नाव असलेली, आत धूळ खात पडलेली अशी शेडं दिसतील. त्यातली बरीचशी यंत्रं ठणठणीत असतात. बंद पडलेला असतो तो पैशाचा फेरा.

"प्रक्रिया केली की पैसा" हे वाक्य म्हणून अर्धंच खरं आहे. १०० किलो तुरीतून ७० ते ७५ किलो डाळ निघते, बाकी चुणी (डाळीचा चुरा), भुसा आणि घट. तुम्ही याच विषयातल्या, मी तुम्हाला काय सांगणार! पण गावाला जे दिसतं ते एवढंच: तूर ७५ रुपये किलो आणि दुकानात डाळ त्याच्या किती तरी वर. मधल्या फरकात घट, मजुरी, वीज, पोतं, भाडं, व्याज, उधारी आणि दुकानदाराचा वाटा असतो. लातूरच्या मोठ्या मिल रंगावरून दाणा निवडणारी सॉर्टेक्स लावून, रोज ट्रकांच्या हिशेबात माल काढून, किलोमागे अगदी थोड्या पैशांवर धंदा करतात. तुमची डाळ त्यांच्या शेजारी ठेवल्यावर गिऱ्हाईक तुमची का उचलेल, याला "शेतकऱ्यांची आहे म्हणून" एवढं उत्तर पहिल्या पोत्यापुरतंच पुरतं.

तुरीच्या बाजारभावाचा झोका वेगळाच. २०२४ च्या सुरुवातीला तूर क्विंटलला १० हजारांच्या वर होती. पुढच्या हंगामात ती ७,५५० च्या हमीभावाखाली आली. वरच्या भावात गोदाम भरून ठेवलेल्या मिलचं काय झालं असेल, बघा. तुरीची आयात मे २०२१ पासून खुली आहे. जून २०२३ मध्ये सरकारने तूर-उडदाच्या साठ्यावर मर्यादा घातली, २०२४ मध्ये तूर आणि हरभऱ्यावर पुन्हा. ग्राहकाला डाळ महाग पडू लागली की सरकार हे करणारच, कुठलंही असो. शेतकरी म्हणून आपण त्यावर चिडतो. मिलमालक म्हणून तो धोका हिशेबात धरावा लागतो.

आता तुमच्या भावाचं ऐकू. त्याचा तर्क हवेतून आलेला नाही. शेतीमाल प्रक्रियेने आपल्याच राज्यात एक अख्खा पट्टा उभा केला. १९५० मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी सहकारी साखर कारखाना सुरू केला आणि त्यामागोमाग शाळा, दवाखाने, रस्ते आले. पण तिथलं पीक ऊस होतं. ऊस तोडला की उतारा, म्हणजे त्यातून निघणारी साखर, घसरायला लागतो, तो घरात ठेवता येत नाही. शेतकऱ्याला कारखान्याशिवाय आणि कारखान्याला शेतकऱ्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तूर तशी नाही. ती कणगीत सहा महिने राहते. गावातला व्यापारी कंपनीपेक्षा पन्नास रुपये जादा देईल त्या दिवशी सभासद पोतं तिकडे टाकेल. त्याला गद्दार म्हणू नका. त्याच्या पोरीची फी त्या पन्नासातून जाते. फक्त "तूर गावातच आहे" म्हणजे ती कंपनीची आहे, असं धरून चालू नका.

दुसरं उदाहरण तुमच्या कॉलेजात नक्की शिकवलं असेल, पण बहुधा शेवटाकडून. आणंदचा दूध संघ, म्हणजे अमूल, १९४६ चा. पावडरचा मोठा कारखाना आला १९५५ मध्ये. मधली वर्षं त्यांनी मुंबईला दूध विकलं, मापात घातलं, फॅट तपासली, पैसे वेळेवर वाटले. हिवाळ्यात म्हशींचं दूध वाढायचं, मुंबई तेवढं घेईना, दूध उरायला लागलं, तेव्हा पावडरच्या कारखान्याची गरज पडली. म्हणजे यंत्र आलं ते एका नेमक्या अडचणीवर इलाज म्हणून. तुमच्या गावात कोणती अडचण आहे जिच्यावर डाळ मिल हा इलाज आहे? संचालकांच्या बैठकीत हा प्रश्न विचारा आणि गप्प बसा. उत्तर "अनुदान येतंय" असं आलं तर ते लिहून ठेवा.

तुमच्या पत्रातला दुसरा समज म्हणजे, व्यापारी लुटतो. लुटतही असेल, काटा आणि ओलाव्यात हात मारणारे आहेतच. पण तुमचे वडील "व्यापार आपलं काम नाही" म्हणतात तेव्हा मला त्यात भित्रेपणा दिसत नाही. त्यांनी आडतदाराला पन्नास वर्षं जवळून पाहिलंय. तो पेरणीला उचल देतो, रात्री-अपरात्री दवाखान्यासाठी पैसे देतो, पावसात भिजलेला डागी मालही कुठल्या तरी भावाने घेतो, आणि कधी माल घेणारी पार्टी बुडाली तर स्वतः बुडतो. यातली कुठली कामं कंपनी करणार आणि कुठली करणार नाही, हे सभासदांना आधी सांगितलं नाही, तर पहिल्याच वर्षी लोक परत आडतीवर जातील. वडिलांना संचालकांच्या एका बैठकीत बसवा. भाऊ नाराज होईल, होऊ द्या.

विकासाचं म्हणाल, तर देशातली ४६ टक्के माणसं शेतीत काम करतात आणि देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा आहे सुमारे १८ टक्के. ही दरी भरायला शेतीमालावर उभे राहणारे उद्योग हवेतच, यात वाद नाही. पण उद्योग आला म्हणजे पैसा पिकवणाऱ्याकडे आला, असं आपोआप होत नाही. तुरीचंच बघा. आपल्याला डाळ कमी पडते म्हणून २०१६ मध्ये भारताने मोझांबिकशी करार केला. तिकडच्या लहान शेतकऱ्यांनी आपल्यासाठी तूर पेरली. त्याच वर्षी इथे विक्रमी पीक आलं. २०१७ च्या एप्रिलमध्ये आपल्याकडची खरेदी केंद्रं बारदाना (रिकामी पोती) नाही म्हणून बंद पडत होती, तुरीच्या पोत्यांवर माणसं झोपत होती, आठवत असेल. ऑगस्टमध्ये भारताने तुरीच्या आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली आणि मोझांबिकमध्ये भाव कोसळले. लातूरचा शेतकरी आणि मोझांबिकच्या नांपुला प्रांतातला शेतकरी, दोघांनीही जास्त पिकवलं आणि दोघंही अडकले. दोघांकडेही माल थांबवून धरायची ताकद नव्हती आणि दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. तुमच्या कंपनीने नेमकं हेच कमवायला हवं.

म्हणून माझा सल्ला असा की पहिला हंगाम सोयाबीनचा करा, आणि यंत्राशिवाय करा. म्हणजे अगदीच हात हलवत नाही: एक चाळणी, एक खात्रीचा काटा, एक ओलावा मोजायचं मीटर आणि भाड्याचं गोदाम. बाजारात व्यापारी मूठभर दाणे दाताखाली घेतो आणि "ओलं आहे" म्हणून भाव पाडतो. तुमच्याकडे मीटरचा आकडा असेल. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते, आणि तेल कारखानेही त्याच्या आसपासच बोलतात. पण लोकांना दुसरी बाजूही सांगा: १०० क्विंटल सोयाबीन १५ टक्क्यांवरून १२ वर वाळवलं की वजन सुमारे साडेतीन क्विंटलने घटतं. सुकवून मिळणारा जादा भाव ही घट भरून काढतो का, हे प्रत्येक ट्रकमागे वहीत मांडा. कधी काढेल, कधी नाही. नाही काढत त्या दिवशी ओलंच विका. आपण काढलेली ही बेरीज गावातल्या माणसांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहणं, याची किंमत कुठल्याही प्रशिक्षण शिबिरापेक्षा जास्त आहे.

शंभर जणांचा माल एकत्र करून थेट कारखान्याला दोन-चार ट्रक घाला. पैसे बँकेत यायला किती दिवस लागले, घट किती निघाली, हमाली आणि भाडं किती गेलं, कोण सभासद अर्ध्यातून फुटला, सगळं कळेल. ज्यांना थांबायचंय त्यांनी बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत माल ठेवावा: मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम, ६ टक्के व्याज, १८० दिवस. योजना नव्वदच्या दशकापासून आहे आणि तरी निम्म्या गावाला ठाऊक नसते. मात्र थांबलं की भाव वाढतोच, असं कुणालाही सांगू नका. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन १० हजारांवर गेलं होतं, त्याच महिन्यात १२ लाख टन सोयापेंडीच्या आयातीला परवानगी मिळाली आणि डिसेंबरात सोयाबीनचा वायदेबाजारही बंद झाला. तेव्हापासून दहा हजारांची वाट बघत माल धरून बसलेली घरं मला माहीत आहेत.

आणि यंत्र घ्यायचंच असेल तर डाळ मिलच्या आधी बियाण्याचा विचार करा. सोयाबीनचं बियाणं शेतकरी दरवर्षी शोधत असतो. २०२० च्या खरिपात न उगवलेल्या बियाण्याच्या तक्रारींनी मराठवाड्यात किती हाहाकार झाला होता! परभणीच्या विद्यापीठाचं एमएयूएस ६१२ किंवा राहुरीचं फुले संगम, अशा वाणांचं प्रमाणित बियाणं तुमच्या सभासदांच्या शेतात तयार होऊ शकतं. उगवण किमान ७० टक्के लागते. मळणी यंत्राचे फेरे कमी ठेवावे लागतात, पोत्यांची थप्पी उंच चालत नाही, वरून आपटलेलं पोतं म्हणजे मेलेलं बियाणं. इथे तुमचं गुणवत्ता विभागातलं शिक्षण खरं उपयोगाला येईल. डाळीत तुमच्यासारखे शंभर आहेत. गावात बियाण्याची उगवण तपासून, न पटलेला लॉट सख्ख्या चुलत्याचा असला तरी बाजूला काढणारं माणूस क्वचित सापडतं. अकोल्याच्या बियाणे प्रमाणीकरण यंत्रणेचे नियम कडक आहेत, वेळखाऊ आहेत, पण ग्राहक शेजारच्या गावातच आहे आणि पेरणीआधी रोखीने घेतो.

आता सीईओपद. पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलंय की चार वर्षांपूर्वी भावाच्या नावे हक्कसोड करून दिलं. म्हणजे तुमच्या नावावर जमीन नाही. गंमत अशी की उत्पादक कंपनीच्या कायद्यात पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी सभासदांबाहेरचाच नेमावा लागतो, तेव्हा कागदोपत्री तुम्ही अगदी योग्य उमेदवार आहात. पण नीट बघा: जमीन नाही, शेअर नाही, सर्वसाधारण सभेत मत नाही, आणि अध्यक्ष सख्खा भाऊ. कंपनीची वार्षिक विवरणपत्रं सरकारकडे वेळेत गेली नाहीत तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये दंड चढत राहतो, आणि सलग तीन वर्षं गेली नाहीत तर संचालक अपात्र ठरतात. मुख्य कार्यकारी अधिकारी पदसिद्ध संचालक असतो, त्यामुळे यात तुम्हीही आलात. माहेरच्या प्रेमाखातर एक सही आधी केलीत, ती तुमची मर्जी. दुसरी सही करताना मात्र नेमणुकीचं पत्र, पगार, कामाची व्याप्ती आणि मुदत कागदावर घ्या. पगार कुठून येणार हेही विचारा. केंद्राच्या १० हजार शेतकरी उत्पादक कंपन्या उभारायच्या योजनेत तीन वर्षांसाठी १८ लाखांपर्यंत व्यवस्थापन खर्च मिळत होता, पण ते लक्ष्य फेब्रुवारी २०२५ मध्ये पूर्ण झालं. तुमची कंपनी त्यात बसली आहे का, ते मंजुरीचा कागद बघून ठरवा, "साहेब बोललेत" यावर नाही. आणि कंपनीच्या कर्जाला तुमच्या नवऱ्याचा पुण्यातला फ्लॅट तारण द्यायचा विषय निघाला, तर तिथेच नाही म्हणा. संकोच नको.

राहिला स्वार्थ. तुमच्या पगारावर घराचे हप्ते आहेत, मुलीची शाळा आहे, आणि वडिलांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचा खर्च तुम्हीच केलात, असं पत्रातच आहे. शिकून बाहेर पडलेल्या माणसाने गावाला परत काहीतरी द्यावं, ही टोचणी आपल्याकडे बहुतेकांना असते, आणि बहिणीला ती जरा जास्तच टोचवली जाते. देण्यासाठी राजीनामाच द्यावा लागतो, असं कुणी ठरवलं? दसऱ्यापासून सोयाबीनची आवक सुरू होते. त्या दीड-दोन महिन्यांत शनिवार-रविवार आणि साठवलेली रजा वापरून ओलाव्याचं, प्रतवारीचं, वहीचं काम बसवून द्या. रोजच्या कामाला गावातलाच बारावी झालेला एखादा मुलगा किंवा, माझ्या मते त्याहून बरं, हिशेबात पक्की असलेली बचत गटातली एखादी बाई पगारावर घ्या. दोन हंगाम झाले, वही नफा दाखवू लागली, कारखान्याने दुसऱ्यांदा स्वतः फोन केला, की मग वर्षभराची बिनपगारी रजा मिळते का ते बघा. नवरा "तू ठरव" म्हणतो, ते ऐकायला उदार वाटतं. पण मुलीला शाळेतून कोण आणणार, हेही त्याने तुमच्याबरोबर बसून ठरवायला हवं. भावाला सगळं एकदम सांगू नका. त्याला फक्त ७५ लाखांचा हिशेब कागदावर मांडून दाखवा आणि पेन त्याच्या हातात द्या. तो अध्यक्ष आहे, पुढचा आकडा त्यालाच लिहायचाय.

ज्या वाचकांच्या गावात मिल आधीच उभी राहिलीय आणि वर्षातून महिनाभरच चालतेय, त्यांच्यासाठी एक वेगळा मार्ग आहे. तूर विकत घेणं थांबवा आणि लोकांची तूर मजुरीवर भरडून द्या. पोतं त्यांचं, डाळ त्यांची, चुणी-भुसा कुणाचा ते आधी ठरलेलं, क्विंटलमागे मजुरी रोख. खेळतं भांडवल जवळपास लागत नाही, भावाचा धोका नाही, आणि घरच्या तुरीची डाळ खाणारी कुटुंबं पंचक्रोशीत पुष्कळ असतात. शिवाय शहरात राहणाऱ्या नातेवाइकांना पाठवायला पाच-दहा किलोच्या पिशव्या भरून मागणारेही निघतात. त्यातून कुणाला किती डाळ लागते याची यादी आपोआप तयार होते, आणि ती यादी दोन वर्षांनी बँकेच्या साहेबापुढे ठेवायला प्रकल्प अहवालापेक्षा बरी.